नेइग्वान: मळमळीवरचा हातावरील बिंदू कसा शोधावा आणि कसा दाबावा

मनगटाच्या आतील बाजूस, वळीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटे अंतरावर, दोन कंडरांच्या (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधल्या चिंचोळ्या खोबणीत जो बिंदू आहे त्याला पारंपरिक चिनी वैद्यकात नेइग्वान म्हणतात. मळमळ, उमासे आणि ओकारी यांसाठी अ‍ॅक्युपंक्चरमध्ये जे बिंदू वापरले जातात त्यांत त्याचे नाव सर्वांत आधी येते, आणि आधुनिक रुग्णालयांत ज्या मोजक्या बिंदूंची पद्धतशीर चाचणी झाली आहे त्यांतही तो अग्रभागी आहे. तेथे सुई टोचणे हे प्रशिक्षित चिकित्सकाचे काम आहे. परंतु बोटाने दाब देणे घरी, प्रवासात किंवा रुग्णाच्या उशाशी बसून करता येते, आणि हे मार्गदर्शन मुख्यतः त्या दाबाविषयी आहे.

हा बिंदू मी अनेकांना दाखवला आहे आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की दाबण्याची पद्धत पाच मिनिटांत जमते, अवघड असते ते जागा नेमकी सापडणे. दाबून पाहिले पण काही फरक पडला नाही, असे कोणी म्हणाले की मी आधी जागा दाखवायला सांगते, आणि बहुतेक वेळा अंगठा मनगटाच्या वळीवरच ठेवलेला असतो, नाडी लागते त्या कडेला सरकलेला असतो किंवा हाताच्या मध्यापर्यंत वर गेलेला असतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग जागा शोधण्यासाठी दिला आहे. वाचताना आपला डावा हात, तळवा वर करून, समोर टेबलावर ठेवावा.

नावातच दिलेला पत्ता

नेइ म्हणजे आतील आणि ग्वान म्हणजे खिंडीतील दरवाजा किंवा सरहद्दीवरचा नाका. चीनच्या प्रसिद्ध भिंतीच्या पूर्व टोकाजवळचे शानहाइग्वान आणि पश्चिम टोकाजवळचे जियायुग्वान या दोन नाक्यांच्या नावांतही हाच शब्द आहे. हाताच्या मागील बाजूस, बरोबर याच उंचीवर, दोन हाडांच्या मधोमध वाइग्वान म्हणजे बाहेरील नाका आहे. ही जोडी लक्षात ठेवल्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो, कारण अंगठा नेइग्वानवर आणि तर्जनी किंवा मधले बोट वाइग्वानवर अशी पकड घेतली की हात आपोआप स्थिर राहतो आणि दाब सरळ खाली जातो.

या बिंदूचा उल्लेख जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या आद्य ग्रंथाच्या ‘लिंगशू’ नावाच्या भागात त्याची जागा सांगितली आहे: मनगटापासून दोन त्सुन (ज्याच्या त्याच्या शरीराच्या प्रमाणात घ्यायचे चिनी माप) अंतरावर, दोन कंडरांच्या मधून. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या प्रमाणित जागा प्रसिद्ध केल्या, त्यांतही याचे वर्णन जवळपास याच शब्दांत आहे. भर पडली ती फक्त कंडरांच्या शरीरशास्त्रीय नावांची. अनेक बिंदूंच्या जागांबद्दल वेगवेगळ्या परंपरांत मतभेद असताना एका बिंदूचा पत्ता इतकी शतके टिकून राहावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

चिनी वैद्यकाच्या मांडणीत हा बिंदू हृदयावरणाच्या वाहिनीवर, म्हणजे त्या वैद्यकाने शरीरावर कल्पिलेल्या एका मार्गावर, येतो. ही वाहिनी छातीवर सुरू होऊन हाताच्या आतील बाजूने मधल्या बोटापर्यंत जाते, तिच्यावर एकूण नऊ बिंदू आहेत आणि नेइग्वान हा त्यांतील सहावा आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय संकेतानुसार तो पीसी ६ किंवा जुन्या पुस्तकांत पी ६ असा लिहिलेला आढळतो. छातीतील धडधड, अस्वस्थता आणि झोप न लागणे यांसाठीही परंपरेने तो वापरला जातो. पोटातील वर उसळणारी गती खाली वळवणे, अशा भाषेत त्याचे कार्य सांगितले जाते, आणि ओकारी म्हणजे नेमकी तीच वर उसळणारी गती असल्यामुळे या उपयोगामागील पारंपरिक तर्क सहज समजतो.

त्सुन हे माप ज्याचे त्याचे

त्सुन हे लांबीचे माप असले तरी या शास्त्रात ते पट्टीवरच्या सेंटीमीटरसारखे ठरलेले नसते. ते त्या त्या माणसाच्या शरीराच्या प्रमाणात घेतले जाते. मनगटाच्या वळीपासून कोपराच्या आतील वळीपर्यंतचे अंतर बारा त्सुन मानतात. एखाद्याचे हे अंतर २४ सेंटीमीटर असेल तर त्याचा एक त्सुन दोन सेंटीमीटरचा होतो आणि नेइग्वान वळीपासून चार सेंटीमीटरवर येतो. लहान मुलाचे अंतर १५ सेंटीमीटर असेल तर तोच बिंदू अडीच सेंटीमीटरवर येतो. मोठ्या माणसाने आपल्या बोटांनी मुलाच्या हातावर माप घेण्याची चूक मी सर्वाधिक पाहिली आहे. माप नेहमी ज्याच्या हातावर बिंदू शोधायचा त्याच्याच बोटांचे घ्यावे.

रोजच्या वापरासाठी बोटांचे माप पुरते. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकमेकांना चिकटवून ठेवली की त्यांची रुंदी साधारण दोन त्सुन भरते. करंगळीसह चारही बोटे घेतली तर तीन त्सुन होतात आणि आपण त्याच वाहिनीवरील कोपराकडच्या शेजारच्या, म्हणजे पाचव्या बिंदूवर पोहोचतो. अंगठ्याच्या सांध्यापाशी मोजलेली रुंदी हा एक त्सुन. बोटे सुजलेली असतील, संधिवाताने वाकडी झालेली असतील किंवा पहिल्यांदाच शिकताना पक्की खात्री करून घ्यायची असेल, तर कागदाची पट्टी वापरावी. वर्तमानपत्राची एक बारीक पट्टी मनगटाच्या वळीपासून कोपराच्या वळीपर्यंत मापून कापावी, ती मधोमध दुमडावी आणि मग त्या दुमडलेल्या पट्टीचे तीन समान भाग करावेत. उलगडल्यावर सहा भाग दिसतील आणि त्यांतील प्रत्येक भाग दोन त्सुनांचा असेल. पट्टीचे एक टोक मनगटाच्या वळीवर ठेवले की पहिली घडी जिथे येते ती आपल्याला हवी असलेली उंची. ही पट्टी एकदा करून बघितली की बोटांनी घेतलेल्या मापावर विश्वास बसतो.

जागा शोधणे

आता प्रत्यक्ष शोध. मनगटावर बहुतेकांना एकाहून अधिक वळ्या असतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. करंगळीच्या बाजूस, तळव्याच्या अगदी बुडाशी एक लहान, वाटाण्यासारखे गोल हाड हाताला लागते. त्या हाडाच्या कोपराकडील कडेपासून जी ठळक आडवी वळी जाते ती मापाची वळी. बहुतेकांच्या हातावर ती तळव्याच्या सर्वांत जवळची असते. तिच्याऐवजी कोपराकडची दुसरी वळी धरली तर बिंदू तेवढा वर सरकतो.

उजव्या हाताची तीन बोटे या वळीवर आडवी ठेवावीत. अनामिकेची कड वळीला टेकलेली असावी आणि तर्जनी कोपराच्या बाजूला असावी. तर्जनीच्या कोपराकडील कडेपाशी, हाताच्या मधोमध अंगठा टेकवावा आणि मग बोटे उचलावीत. उंची ठरली. आता आडवी जागा ठरवायची आहे, आणि त्यासाठी कंडरा दिसायला हव्यात. कोपर किंचित वाकवून मूठ हलकेच आवळावी आणि मनगट थोडे आपल्याकडे वळवावे. मनगटाच्या मधोमध दोन ताणलेल्या दोऱ्या उठून दिसतात. अंगठ्याकडची जाड दोरी ही मनगट वाकवणाऱ्या स्नायूची कंडरा आहे, तर तिच्या शेजारची, नेमकी मध्यावरची सडपातळ दोरी तळव्याकडे पसरत जाणाऱ्या एका लहान स्नायूची आहे. या दोघींमधली खोबण म्हणजे नेइग्वानची जागा. जागा सापडल्यावर मूठ सोडावी, मनगट सैल करावे आणि मगच दाबावे. कंडरा ताणलेल्या असताना अंगठा त्यांच्यावरच अडतो आणि दाब खाली पोहोचत नाही.

काही वाचकांना इथे एकच दोरी दिसेल आणि आपले काही चुकते आहे असे वाटेल. तसे नाही. मध्यावरची ती सडपातळ कंडरा सर्वांना नसते. वेगवेगळ्या समाजांत हे प्रमाण बदलते, पण साधारण शंभरातील पंधरा माणसांत ती एका किंवा दोन्ही हातांत जन्मतः नसते, आणि तिच्या नसण्याने हाताच्या ताकदीत जाणवण्यासारखे काही कमी होत नाही. तपासायचे असेल तर अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावावे आणि मनगट आपल्याकडे वाकवावे. कंडरा असेल तर ती मध्यावर धनुष्याच्या दोरीसारखी उठते. नसेल तर अंगठ्याकडची जाड कंडरा धरावी आणि तिला लागून करंगळीच्या बाजूस जो मऊ भाग आहे तिथे बिंदू मानावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्णनातही अशा हातांसाठी हीच सूचना आहे. उजव्या हातावर दोन दोऱ्या आणि डाव्यावर एकच, असेही असू शकते, म्हणून दोन्ही हात वेगवेगळे तपासावेत.

जागा बरोबर आहे की नाही हे शेवटी दाबल्यावर कळते. अंगठा हळूहळू खोलवर नेला की तिथे एक जडसर, बोथट, ठणकल्यासारखी जाणीव होते. ती थोडी तळव्याकडे किंवा वर कोपराकडे पसरते. चिनी चिकित्सक सुई टोचतानाही याच जातीच्या जाणिवेची वाट पाहतात आणि तिला द-ची म्हणतात. आजूबाजूला अर्धा सेंटीमीटर सरकून दाबून पाहिले तर फरक स्वतःलाच जाणवतो. याउलट मधल्या बोटाकडे विजेसारखी चमक गेली किंवा मुंग्या आल्या तर दाब लगेच कमी करावा आणि अंगठा किंचित बाजूला घ्यावा. या बिंदूच्या खालूनच हाताची मुख्य मध्यवर्ती नस जाते, आणि ती चमक म्हणजे नसेवर थेट दाब पडत असल्याची खूण आहे. नाडीचे ठोके बोटाला लागले तर आपण अंगठ्याच्या बाजूला फार सरकलो आहोत असे समजावे.

दाब कसा द्यावा

अंगठ्याचे नख कापलेले असावे. दाब अंगठ्याच्या गादीने द्यावा, टोकाने नव्हे, आणि त्याची दिशा सरळ खाली, हाडांच्या मधल्या पोकळीकडे असावी. सुरुवातीला चार-पाच सेकंद घेऊन दाब वाढवत न्यावा, जडसर जाणीव आली की तिथेच थांबावे आणि तो दाब राखून अंगठा अगदी लहान वर्तुळात फिरवावा. त्वचा घासली जाऊ नये. त्वचेसह खालचा मांसल भाग हलला पाहिजे. एका हातावर दोन ते तीन मिनिटे दाब दिल्यावर दुसऱ्या हातावर तेवढाच वेळ द्यावा. मळमळ असेपर्यंत हे दिवसातून अनेक वेळा करता येते. किती जोरात दाबावे, याचे उत्तर मी असे देते की दुखावे, पण श्वास रोखावा लागू नये. चेहरा आक्रसला तर दाब जास्त झाला. दाबताना श्वास संथ ठेवावा आणि उच्छ्वास थोडा लांब करावा. मळमळीत माणूस नकळत श्वास आखडून धरतो, त्यामुळे एवढ्यानेही थोडा आराम पडतो.

लहान मुलांना आणि अशक्त वृद्धांना याच्या निम्मा दाब पुरतो, आणि वेळही एक मिनिटाच्या आसपास ठेवावा. रुग्णाच्या हातावर दुसऱ्या कोणी दाबायचे असेल तर त्याच्या शेजारी त्याच दिशेने तोंड करून बसावे, त्याचा हात उशीवर टेकवावा आणि वर सांगितलेली दोन्ही बाजूंची पकड घ्यावी. समोरून हात ओढून दाबले की कोन तिरपा होतो आणि रुग्णाचा खांदाही अवघडतो.

वेळ महत्त्वाची आहे. ओकारी तोंडाशी आल्यावर दाबायला बसण्यापेक्षा मळमळ होण्याची शक्यता आहे त्याच्या आधीच सुरुवात केली तर फायदा होण्याची शक्यता अधिक, असे या बिंदूवर काम करणारे चिकित्सक सांगतात आणि माझेही निरीक्षण तेच आहे. ज्याला गाडी लागते त्याने घाट सुरू होण्यापूर्वी, सपाट रस्त्यावरच दोन्ही हातांना एकदा दाब देऊन घ्यावा. त्याबरोबर खिडकीतून दूरवर पाहणे, मोबाइलवर वाचणे टाळणे आणि पुढच्या बाजूची जागा घेणे हे नेहमीचे उपायही करावेत; बिंदू त्यांची जागा घेत नाही.

प्रवासात किंवा दिवसभर काम करताना सतत दाबणे शक्य नसते, म्हणून मनगटपट्टे निघाले. लवचीक कापडी पट्ट्याच्या आत एक अर्धगोल प्लास्टिकचे बटण असते आणि ते बिंदूवर येईल असा पट्टा घालायचा असतो. पट्टा दोन्ही हातांत, निघण्यापूर्वी घालावा आणि बटण खरोखरच दोन कंडरांच्या मध्ये बसले आहे याची दर तासाला खात्री करावी, कारण घामाने पट्टा घड्याळासारखा मनगटाकडे घसरतो आणि मग तो केवळ दागिना होऊन बसतो. बोटे थंड पडली, निळसर दिसली किंवा बधिर झाली तर पट्टा सैल करावा, आणि झोपताना काढून ठेवावा. आपल्याकडे काही जण मेथीचा दाणा कागदी चिकटपट्टीने बिंदूवर चिकटवतात आणि अधूनमधून तो दाबतात. ते हलक्या दाबासाठी ठीक आहे, परंतु चिकटपट्टीखाली त्वचा ओलसर राहते, म्हणून काही तासांनी ती काढून त्वचा पाहावी, आणि मधुमेही किंवा फार नाजूक त्वचेच्या माणसाने हा उपाय टाळावा.

कशासाठी उपयोग होतो, आणि किती

या बिंदूकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गंभीरपणे वळले ते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांच्यामुळे. १९८०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर, गरोदरपणातील सकाळच्या मळमळीवर आणि कर्करोगावरील औषधांमुळे होणाऱ्या ओकारीवर या एकाच बिंदूचे प्रयोग केले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने अ‍ॅक्युपंक्चरचे अनेक अभ्यास संदिग्ध निष्कर्षांचे ठरवले, पण शस्त्रक्रियेनंतरची आणि कर्करोगाच्या औषधांनंतरची मळमळ यांसह काही ठिकाणी परिणाम आशादायक असल्याचे मान्य केले.

सर्वांत भक्कम आधार शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीचा आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण यांची माहिती एकत्र केली होती. नेइग्वानला उद्दीपन दिलेल्या रुग्णांत, खोटे, म्हणजे केवळ तुलनेसाठी दिखाव्याचे, उद्दीपन दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत, मळमळीचे प्रमाण साधारण एक तृतीयांशाने आणि ओकारीचे सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळले, आणि ओकारीवरील नेहमीच्या औषधांशी तुलना केली तेव्हा दोहोंत ठळक फरक दिसला नाही. मात्र चाचण्यांचे परिणाम एकमेकांशी पुरते जुळत नसल्यामुळे आणि अनेक चाचण्यांच्या आखणीत त्रुटी असल्यामुळे या पुराव्याचा दर्जा आढावा घेणाऱ्यांनी कमीच ठरवला, ही गोष्टही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी. शस्त्रक्रिया ठरली असेल आणि पूर्वीच्या भुलीनंतर ओकाऱ्या झाल्याचा अनुभव असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे, पट्टा घालायची इच्छा असेल तर त्यांना विचारावे आणि सलाइनची सुई ज्या हाताला आहे त्या हाताला हात लावू नये.

कर्करोगाच्या औषधांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. रुग्णाने स्वतः दाब दिल्याने पहिल्या दिवसातील मळमळीची तीव्रता कमी होते असे जुन्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले, परंतु त्यानंतरच्या दिवसांतील मळमळीवर तसा परिणाम दिसला नाही. आणि ब्रिटनमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मनगटपट्ट्यांचा खोट्या पट्ट्यांहून लक्षणीय फायदा आढळला नाही. तरीही मी अशा रुग्णांना हा बिंदू दाखवते, कारण ओकारीवरची औषधे चालू ठेवून त्यांच्या जोडीला तो वापरण्यात अपाय नाही, आणि उपचाराच्या त्या लांब दिवसांत आपल्यासाठी आपण स्वतः काहीतरी करू शकतो याची जाणीव रुग्णाला आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकालाही मोठा आधार देते. या कामासाठी घरून निघतानाच दोन्ही हातांवर बॉलपेनने बारीक ठिपका करून ठेवावा, म्हणजे थकलेल्या अवस्थेत जागा शोधत बसावे लागत नाही आणि मदत करणाऱ्याचा अंगठाही बरोबर जागी पडतो.

गरोदरपणातील मळमळीसाठी पुरावा मर्यादित आहे, पण अनेक स्त्रियांना यातून आराम मिळतो आणि या बिंदूवरील मृदू दाब सुरक्षित मानला जातो. येथे एक सावधगिरी आवर्जून सांगते: चिनी परंपरेत गर्भारपणी काही बिंदू निषिद्ध मानले जातात, त्यांत अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील हगू आणि पायाच्या घोट्याच्या वर आतील बाजूस असलेला सान-यिन-ज्याओ हे दोन प्रमुख आहेत. डोकेदुखी किंवा पोटदुखीसाठी हे दोन्ही बिंदू सर्रास दाबले जातात, त्यामुळे कोणी सगळेच बिंदू एका बैठकीत दाबून देत असेल तर गरोदर स्त्रीने थांबवावे. गाडी लागण्यावरील चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ज्यांना गुण येतो त्यांना तो स्पष्ट जाणवतो आणि ज्यांना येत नाही त्यांनी तीन-चार प्रवासांनंतर औषधाचा विचार करावा.

केव्हा दाबू नये

मूत्रपिंडाच्या आजारात डायलिसिससाठी ज्या हातावर रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला असतो त्या हातावर हा बिंदू मुळीच दाबू नये आणि पट्टाही घालू नये. त्या वाहिनीवर दाब आल्यास ती बंद पडू शकते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील आणि त्या हाताला सूज येत असेल तर फक्त दुसऱ्या हातावर दाब द्यावा. मनगटाच्या बोगद्यात नस दाबली जाऊन रात्री बोटे बधिर होण्याचा त्रास असलेल्यांनी जोरात दाबू नये, कारण दाब त्याच नसेवर येतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा कर्करोगाच्या उपचारात प्लेटलेट कमी झाल्या असतील तर हलक्या दाबानेही काळानिळा डाग पडतो. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. जखम, पुरळ, भाजलेली त्वचा किंवा नुकतेच मोडलेले हाड असलेल्या हाताला अर्थातच हात लावू नये.

याहून महत्त्वाचे म्हणजे मळमळ कशाची आहे हे पाहणे. छातीत दाब किंवा वेदना, घाम, धाप किंवा डाव्या हातात अथवा जबड्यात दुखणे यांसह मळमळ असेल तर ती हृदयविकाराचा झटका असू शकते, आणि मधुमेही माणसांत व स्त्रियांत कधी कधी छातीत दुखण्याऐवजी केवळ मळमळ आणि अस्वस्थताच जाणवते. चिनी ग्रंथांत हा बिंदू छाती आणि हृदयासाठी नावाजलेला असल्यामुळे काही लोक अशा वेळीही तो दाबत बसतात. तसे करू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागल्यानंतरची ओकारी, मान ताठणे आणि तापासह ओकारी, ओकारीतून रक्त येणे, असह्य पोटदुखी, किंवा दिवसभर पाण्याचा घोटही पोटात न टिकणे व लघवी कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जाणे हाच उपाय आहे. गरोदर स्त्रीचे वजन घटू लागले असेल तर बिंदूच्या भरवशावर थांबू नये.

सुई घ्यायची असेल तर

दाबाने थोडा फरक पडतो पण पुरेसा नाही, असे वाटल्यास सुईचा विचार करता येतो. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आले त्याची एक वाट महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते; ते १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती कोलकात्यात आणली. आज महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सेसाठी स्वतंत्र कायदा असून चिकित्सकांची नोंदणी होते, तेव्हा नोंदणी आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक आणि बंद पाकिटातून आपल्यासमोर काढलेल्या असाव्यात. चालू असलेली सर्व औषधे, गर्भधारणा, रक्तस्रावाची प्रवृत्ती आणि हृदयात पेसमेकर असल्यास तोही आधीच सांगावा, कारण सुयांना कधी कधी विजेचा सौम्य प्रवाह जोडला जातो आणि पेसमेकर असलेल्याने तो घेऊ नये.

नेइग्वानवर सुई साधारण अर्धा ते एक त्सुन खोल जाते आणि बोथट, जडसर ठणक येणे अपेक्षित असते. ती ठणक चालेल. मात्र सुई आत जात असताना मधल्या बोटापर्यंत विजेचा झटका गेल्यासारखे वाटले तर चिकित्सक काय म्हणतील याचा विचार न करता ते त्याच क्षणी सांगावे, म्हणजे सुई थोडी मागे घेऊन तिची दिशा बदलता येते आणि खालची नस दुखावत नाही.